यष्टीमागची एकच जागा: अमरावतीच्या जितेश शर्माची कारकीर्द

क्रिकेटच्या संघात फलंदाज सहा-सात असतात, गोलंदाज पाच असतात; यष्टीरक्षक मात्र एकच असतो. फलंदाज अपयशी ठरला तर त्याला खालच्या क्रमांकावर ढकलता येतं, वेगवान गोलंदाज थकला तर फिरकीपटूच्या हाती चेंडू देता येतो. यष्टीरक्षकाच्या बाबतीत अशी कुठलीच सोय नसते. तो अकरात असतो किंवा नसतो. रणजी करंडकात आज 38 संघ खेळतात. म्हणजे कोणत्याही मोसमात देशात किमान 38 माणसं हे काम प्रथम श्रेणीच्या पातळीवर करत असतात आणि त्यांच्यापैकी एकालाच भारतीय संघाच्या यष्टीमागे उभं राहायला मिळतं.

हा हिशेब समोर ठेवला की अमरावतीच्या जितेश मोहन शर्माची कारकीर्द किती विलक्षण आहे हे कळतं. 22 ऑक्टोबर 1993 रोजी अमरावतीत जन्मलेला हा मुलगा विसाव्या वर्षी विदर्भाच्या संघात आला, अठ्ठाविसाव्या वर्षी आयपीएलचा पहिला सामना खेळला आणि तिसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले असताना त्याने भारताची टोपी घातली. 2025 साल संपलं तेव्हा त्याच्या नावावर आंतरराष्ट्रीय टी-20 सामने वीससुद्धा नव्हते. कसोटी नाही, एकदिवसीय सामना नाही. आकड्यांत पाहिलं तर कारकीर्द छोटी आहे. तरीही वऱ्हाडातल्या क्रिकेटसाठी ती फार मोठी आहे.

मैदानावरचं सर्वांत कष्टाचं काम

आधी हे काम काय आहे ते नीट समजून घेऊ. टी-20च्या एका डावात वैध चेंडू 120 असतात, एकदिवसीय सामन्यात 300. चार किंवा पाच दिवसांच्या सामन्यात दिवसाला 90 षटकं टाकली जातात, म्हणजे 540 चेंडू. यातल्या प्रत्येक चेंडूला यष्टीरक्षक खाली बसतो आणि उठतो. इतर दहा जणांपैकी कुणालाही प्रत्येक चेंडूवर काम नसतं. याला मात्र असतं. चेंडू फलंदाजाने मारला तरी त्याला धावत यष्टीपाशी यावं लागतं, कारण क्षेत्ररक्षकाची फेक त्याच्याच हातात येणार असते.

आता वेगाचा विचार करू. वेगवान गोलंदाजाचा 140 किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटताना सेकंदाला जवळपास 39 मीटर जातो. टप्पा पडल्यावर तो मंदावतो. अशा गोलंदाजाला यष्टीरक्षक यष्टीपासून पंधरा-सोळा मीटर मागे उभा राहतो. बॅटची कड लागली तर चेंडू हातात यायला साधारण अर्धा सेकंद मिळतो. तेवढ्यात सूर मारता येतो.

फिरकीला हे गणितच बदलतं. तिथे यष्टीरक्षक यष्टीला चिकटून उभा असतो. बॅट आणि त्याचे ग्लोव्ज यांच्यात जेमतेम दीड मीटर अंतर असतं आणि चेंडू सेकंदाला वीस मीटरच्या आसपास वेगाने येत असतो. म्हणजे कड लागल्यापासून चेंडू हातात पडेपर्यंत सेकंदाचा दहावा भागसुद्धा मिळत नाही. माणसाच्या डोळ्याला दिसलेली गोष्ट मेंदूपर्यंत जाऊन हात हलायला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. याचा अर्थ असा की फिरकीवर कडेचा झेल पाहून घेताच येत नाही. कड लागण्याआधीच हात चेंडूच्या रेषेत असावे लागतात. बॅट मध्ये आलीच नाही असं धरून प्रत्येक चेंडू घ्यायचा, डोकं चेंडूच्या रेषेत ठेवायचं, टप्पा पडून चेंडू जसा उसळेल तसं त्याच्याबरोबर उठायचं आणि घाईने आधीच उभं राहायचं नाही. हे सगळं जमलं की कडेचा झेल आपोआप हातात बसतो. प्रेक्षकाला तो क्षणाचा चमत्कार वाटतो. प्रत्यक्षात तो हजारो चेंडूंच्या सरावातून अंगी मुरलेला असतो.

नियमही या माणसाला फार सवलत देत नाहीत. क्रिकेटच्या कायद्यातलं 27 वं कलम यष्टीरक्षकाचं आहे. क्षेत्ररक्षण करणाऱ्यांपैकी ग्लोव्ज आणि बाहेरून दिसणारे पॅड फक्त त्यालाच वापरता येतात. पण ग्लोव्जच्या बोटांमध्ये जाळी लावायची नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये तेवढी परवानगी आहे. चेंडू बॅटला किंवा फलंदाजाच्या अंगाला लागेपर्यंत, यष्टी ओलांडून जाईपर्यंत किंवा फलंदाज धाव घ्यायला निघेपर्यंत त्याने पूर्णपणे यष्टीच्या मागे राहायचं. हात जरा पुढे गेला आणि त्याने फलंदाजाला यष्टिचीत केलं, तर फलंदाज नाबाद ठरतो आणि तो चेंडू नोबॉल होतो.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये याच जातीचा खेळाडू असतो, त्याला कॅचर म्हणतात. तोही फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो, तोंडावर जाळीचा मुखवटा, छातीला चिलखत आणि एका हातात जाड गादीचा मोजा. 60 फूट 6 इंचांवरून येणारे दीडशेच्या आसपास चेंडू तो एका सामन्यात घेतो आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा हे गोलंदाजाला सुचवतो. तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये 30 संघ आहेत आणि बहुतेक संघ दोन कॅचर बाळगतात. तरीही दुय्यम लीगमध्ये दहा-दहा वर्षं काढून वरच्या पातळीवर मोजकेच सामने खेळलेल्या कॅचरांची तिथे मोठी परंपरा आहे. आपल्याकडे तर देशाचा संघ एक, त्यात जागा एक. म्हणून भारतीय यष्टीरक्षकाची प्रतीक्षा अधिकच लांब असते.

मराठी यष्टीरक्षकांची परंपरा

मराठी मुलखाने असे यष्टीरक्षक पूर्वीही पाहिले आहेत. माधव मंत्री यांचा जन्म 1921 साली नाशिकला झाला. त्यांना कसोटी सामने मिळाले चार. 1952 च्या लीड्स कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार फलंदाज एकही धाव न होता बाद झाले, त्या चौघांत मंत्री होते. पण त्याच मंत्रींनी 1948-49 च्या मोसमात पुण्यात महाराष्ट्राविरुद्ध द्विशतक ठोकलं होतं आणि मुंबईचं कर्णधारपद सांभाळताना तीन वेळा रणजी करंडक जिंकला. सुनील गावसकरांचे ते मामा. दादर युनियनच्या शिस्तीचं नाव निघालं की आजही पहिल्यांदा त्यांची आठवण होते.

चंद्रकांत पंडित 1986 ते 1992 या काळात पाच कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने खेळले. किरण मोरे पहिल्या पसंतीचे यष्टीरक्षक असल्यामुळे पंडितांच्या वाट्याला याहून जास्त आलं नाही. समीर दिघे यांनी बत्तिसाव्या वर्षी कसोटी पदार्पण केलं ते मार्च 2001 मध्ये, चेन्नईत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध. भारताला जिंकायला 155 धावा हव्या होत्या आणि गडी भराभर पडत होते. दिघे नाबाद 22 धावा करून टिकले आणि भारताने दोन गडी राखून सामना व मालिका जिंकली. त्याच वर्षी त्यांची कसोटी कारकीर्द सहा सामन्यांवर थांबली.

या तिघांपैकी कुणालाही अपयशी म्हणता येत नाही. मंत्रींनी पिढ्या घडवल्या. पंडितांचं प्रशिक्षक म्हणून काम तर थेट विदर्भाच्या इतिहासाचा भाग आहे. त्यांच्या मार्गदर्शनाखाली विदर्भाने 2017-18 मध्ये रणजी करंडक पहिल्यांदा जिंकला आणि पुढच्याच मोसमात तो राखला. 1957-58 मध्ये विदर्भ या स्पर्धेत उतरला होता. साठ वर्षांची वाट एका माजी यष्टीरक्षकाच्या शिस्तीखाली संपली.

अमरावती ते नागपूर

अमरावतीला खेळ नवा नाही. 1914 मध्ये वैद्य बंधूंनी उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ शंभरी ओलांडून उभं आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी याच मंडळाच्या खेळाडूंनी कबड्डीसह आपले देशी खेळ तिथे करून दाखवले. मल्लखांब, कुस्ती, कबड्डी या खेळांत या शहराचं नाव देशभर आहे. क्रिकेटमध्ये मात्र अमरावती काय, अकोला काय, सगळ्यांची नजर नागपूरकडे. विदर्भ क्रिकेट संघटना तिथे, निवड चाचण्या तिथे, जामठ्याचं मोठं मैदान तिथे. अमरावतीहून नागपूर दीडशे किलोमीटर, अकोल्याहून अडीचशे. वऱ्हाडातल्या मुलाला क्रिकेटमध्ये पुढे जायचं तर हा रस्ता तुडवावाच लागतो.

जितेशच्या डोक्यात सुरुवातीला क्रिकेट नव्हतंच. त्याला संरक्षण दलात जायचं होतं. राज्य पातळीवर खेळलं तर परीक्षेत वाढीव गुण मिळतात आणि ते पुढच्या प्रवेशाला उपयोगी पडतात, म्हणून आपण शाळेच्या संघात गेलो, असं त्यानेच मुलाखतीत सांगितलं आहे. गुणांसाठी धरलेली बॅट पुढे सुटली नाही. वऱ्हाडातल्या कितीतरी घरांत खेळाकडे असंच पाहिलं जातं: अभ्यासाला हातभार म्हणून, नोकरीच्या कोट्यासाठी. या व्यवहारी दारातूनही खेळाडू घडू शकतो, हे जितेशने दाखवून दिलं.

फेब्रुवारी 2014 मध्ये विजय हजारे स्पर्धेत तो विदर्भाकडून पहिल्यांदा खेळला. त्याच मोसमात टी-20 सामने मिळाले आणि ऑक्टोबर 2015 मध्ये रणजी पदार्पण झालं. तेव्हा तो सलामीचा फलंदाज होता. 2015-16 च्या सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत त्याने 343 धावा केल्या. स्पर्धेत त्याच्याहून जास्त धावा दोघांच्याच होत्या. त्या जोरावर फेब्रुवारी 2016 च्या लिलावात मुंबई इंडियन्सने त्याला 10 लाखांत घेतलं.

आणि मग काहीच घडलं नाही. मुंबईच्या संघात तो दोन मोसम होता, पण एकही सामना त्याला मिळाला नाही. मुंबईने 2017 ची आयपीएल जिंकली तेव्हा यष्टीमागे पार्थिव पटेल होता. इकडे विदर्भाच्या रणजी संघात अक्षय वाडकर स्थिरावत होता. 2017-18 च्या दिल्लीविरुद्धच्या त्या ऐतिहासिक रणजी अंतिम सामन्यात वाडकरने 133 धावा केल्या आणि लाल चेंडूच्या क्रिकेटमधली यष्टीमागची जागा त्याची झाली. पुढे तोच विदर्भाचा कर्णधार झाला आणि 2024-25 चा रणजी करंडक त्याच्याच नेतृत्वाखाली आला. जितेशचे विदर्भाकडून प्रथम श्रेणीचे सामने वीसच्या आतच राहिले, त्यामागचं मुख्य कारण हे आहे. त्याच्याच राज्यसंघात, त्याच्याच जागेवर, एक उत्तम माणूस उभा होता.

वाट बदलण्याचं धाडस

इथे जितेशने जे केलं ते शिकण्यासारखं आहे. सलामीला खेळण्याचा हट्ट त्याने सोडला. टी-20 संघांना शेवटच्या चार-पाच षटकांत पहिल्या चेंडूपासून फटके मारणारा माणूस हवा असतो आणि तो यष्टीरक्षकही असला तर संघाची एक जागा वाचते. हे ओळखून त्याने स्वतःला खालच्या क्रमांकासाठी घडवलं. हे काम सोपं नाही. सलामीवीराला खेळपट्टी पाहायला वेळ मिळतो, मोसमात चारशे-पाचशे धावा करता येतात. खाली येणाऱ्याला कधी दहा चेंडू मिळतात, कधी चार. त्याची सरासरी चांगली दिसत नाही आणि पंधरा धावांच्या मोलाच्या खेळीला वर्तमानपत्रात मथळा मिळत नाही.

2022 च्या लिलावात पंजाब किंग्जने त्याला 20 लाखांच्या पायाभूत किमतीत घेतलं. 3 एप्रिल 2022 रोजी मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर चेन्नईविरुद्ध तो पहिला आयपीएल सामना खेळला. लिलावात पहिल्यांदा नाव पुकारलं गेल्यावर सहा वर्षांनी. त्याने 17 चेंडूंत 26 धावा केल्या, त्यात तीन षटकार होते. पण त्या रात्रीचा खरा क्षण दुसरा होता. राहुल चहरचा एक चेंडू महेंद्रसिंग धोनीच्या लेगच्या बाजूने गेला आणि जितेशने तो पकडला. पंचांनी बाद दिलं नाही. जितेशला मात्र खात्री होती. पहिलाच सामना खेळणाऱ्या या मुलाने कर्णधार मयंक अगरवालला दाद मागायला लावलं, आणि बॅटची बारीकशी कड लागल्याचं यंत्राने दाखवलं. धोनी बाद झाला. भारताच्या सर्वांत नामांकित यष्टीरक्षकाला यष्टीमागे टिपताना नवख्याने स्वतःच्या कानांवर आणि हातांवर विश्वास ठेवला. यष्टीरक्षकाचा निर्णय कसा असावा याचा हा उत्तम नमुना आहे.

त्या मोसमात त्याने 234 धावा केल्या, शंभर चेंडूंमागे 163 च्या वर अशा गतीने. 2023 मध्ये 309 धावा झाल्या. पंजाबच्या याच संघात अकोल्याचा अथर्व तायडेही होता. एकोणीस वर्षांखालील कूचबिहार करंडकाच्या अंतिम सामन्यात 320 धावा करून विदर्भाला विजेतेपद मिळवून देणारा हा डावखुरा सलामीवीर. अकोल्याचाच वेगवान गोलंदाज आदित्य ठाकरे याने तर रणजी पदार्पणच 2017-18 च्या अंतिम सामन्यात केलं. शंभर किलोमीटरच्या अंतरावरची ही दोन शहरं एकाच दशकात अशी माणसं देतात, हा योगायोग नव्हे; विदर्भाच्या क्रिकेटची मुळं नागपूरबाहेर पसरल्याची ती खूण आहे.

देशाची टोपी

जानेवारी 2023 मध्ये संजू सॅमसन जखमी झाला आणि जितेशला भारतीय संघात बोलावणं आलं. तो संघाबरोबर राहिला, पण खेळायला मिळालं नाही. नऊ महिन्यांनी, 3 ऑक्टोबर 2023 रोजी, चीनच्या हांगझोऊ शहरात आशियाई क्रीडा स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात नेपाळविरुद्ध त्याने पदार्पण केलं. धावा झाल्या पाच. चार दिवसांनी अफगाणिस्तानविरुद्धचा अंतिम सामना पावसात वाहून गेला, वरच्या मानांकनामुळे सुवर्णपदक भारताला मिळालं आणि अमरावतीच्या घरात आशियाई सुवर्ण आलं.

पुढचे तीन महिने त्याचे होते. 1 डिसेंबरला रायपूरमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध 19 चेंडूंत 35, दोन दिवसांनी बंगळुरूत 16 चेंडूंत 24, जानेवारीत मोहालीत अफगाणिस्तानविरुद्ध 20 चेंडूंत 31. सगळ्या खेळी छोट्या, पण भारत हे तिन्ही सामने जिंकला. 14 जानेवारी 2024 ला इंदूरमध्ये तो शून्यावर बाद झाला आणि संघाबाहेर गेला. पंजाबकडून त्या वर्षीचा आयपीएल मोसमही फिका गेला. जूनमध्ये टी-20 विश्वचषकाला यष्टीरक्षक म्हणून ऋषभ पंत आणि सॅमसन गेले. पुढचा आंतरराष्ट्रीय सामना खेळायला जितेशला जवळपास बावीस महिने लागले.

या बावीस महिन्यांत तो घडला. 2024-25 च्या विजय हजारे स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध त्याने 33 चेंडूंत 51 धावा केल्या आणि विदर्भाने 380 चा डोंगर उभारला. विदर्भ अंतिम सामन्यात पोहोचला, कर्नाटकाकडून 36 धावांनी हरला. दरम्यान नोव्हेंबर 2024 च्या लिलावात बंगळुरूच्या संघाने त्याच्यावर 11 कोटी रुपये लावले. दोन वर्षं बाकावर बसवलेल्या दहा लाखांच्या खेळाडूचा हा प्रवास. बंगळुरूला मार्गदर्शक होता दिनेश कार्तिक. धोनीच्या काळात यष्टीरक्षक असल्यामुळे ज्याची कारकीर्द तुकड्यातुकड्यांत गेली आणि जो शेवटच्या षटकांचा फलंदाज म्हणून पुन्हा उभा राहिला, असा हा माणूस. जितेशला याहून योग्य गुरू मिळाला नसता.

27 मे 2025. लखनौ. ऋषभ पंतच्या नाबाद 118 धावांच्या जोरावर लखनौने 227 धावा केल्या होत्या. नियमित कर्णधार रजत पाटीदार दुखापतीमुळे फलंदाजीपुरताच होता, म्हणून बंगळुरूचं नेतृत्व जितेशकडे होतं. विराट कोहली 54 धावा करून परतला तेव्हा धावफलक 4 बाद 123 होता. 52 चेंडूंत 105 हव्या होत्या. जितेश आणि मयंक अगरवाल यांनी तिथून नाबाद 107 धावा जोडल्या. त्यात जितेशच्या 33 चेंडूंत नाबाद 85, आठ चौकार आणि सहा षटकार. 49 वर असताना दिग्वेश राठीच्या चेंडूवर त्याचा झेल गेला, तो चेंडू नोबॉल निघाला. पुढे राठीने त्याला नॉन-स्ट्राइकच्या टोकाला धावचीत करण्याचा प्रयत्न केला. तिसऱ्या पंचांनी नाबाद ठरवलं आणि पंतने अपीलही मागे घेतलं. आठ चेंडू राखून सामना संपला. बंगळुरूने तोवर एवढ्या धावांचा यशस्वी पाठलाग कधीच केला नव्हता. या विजयाने संघ गुणतक्त्यात पहिल्या दोनात आला.

3 जून 2025 ला अहमदाबादमध्ये अंतिम सामना झाला. समोर जितेशचा जुना संघ, पंजाब. त्याने 10 चेंडूंत 24 धावा केल्या. बंगळुरू जिंकलं सहा धावांनी. तो सामना फिरला ते आणखी एका ठिकाणी: पंजाबचा कर्णधार श्रेयस अय्यर संपूर्ण मोसम उत्तम खेळत आला होता, तो एका धावेवर रोमारिओ शेफर्डच्या चेंडूवर कड देऊन गेला आणि झेल होता जितेशच्या हातात. अठराव्या मोसमात बंगळुरूला विजेतेपद मिळालं. धावफलकावर या झेलाची नोंद एका ओळीची आहे, पण तो सुटला असता तर करंडक कुठे गेला असता, याचा विचार प्रत्येक क्रिकेटप्रेमीने करावा.

पुन्हा तीच जागा

2025-26 च्या देशांतर्गत मोसमाआधी जितेशने विदर्भ सोडून बडोद्याची वाट धरली. सप्टेंबरमध्ये आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय पथकात तो होता. 2 नोव्हेंबरला होबार्टमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध संधी मिळाली आणि 13 चेंडूंत नाबाद 22 धावा करत त्याने सामना जिंकून दिला. 9 डिसेंबरला कटकमध्ये दक्षिण आफ्रिकेचा संघ 74 धावांत गडगडला, त्या डावात यष्टीमागे जितेशने चार झेल घेतले. दोन दिवसांनी मोठ्या पाठलागात 17 चेंडूंत 27 धावा केल्या.

20 डिसेंबरला 2026 च्या टी-20 विश्वचषकाचा संघ जाहीर झाला. यष्टीरक्षक होते संजू सॅमसन आणि ईशान किशन. जितेशचं नाव नव्हतं. कामात त्याची मोठी चूक दाखवता येत नाही. निवड समितीला वरच्या फळीत खेळणारे यष्टीरक्षक हवे होते, जितेश खालच्या फळीत खेळतो. ज्या बदलाने त्याला भारतीय संघापर्यंत नेलं, तोच बदल इथे आड आला. खेळात असं होतं, आणि यष्टीरक्षकाच्या बाबतीत फार वेळा होतं.

पण एवढ्यावरून ही कारकीर्द उणी ठरत नाही. आशियाई सुवर्णपदक, आयपीएलचं विजेतेपद, आशिया चषकाच्या विजेत्या पथकातलं स्थान, देशाच्या अ संघाचं कर्णधारपद, आणि या सगळ्याच्या मुळाशी अमरावतीच्या मैदानावर परीक्षेच्या वाढीव गुणांसाठी सुरू झालेलं क्रिकेट. मंत्रींच्या चार कसोटी, पंडितांच्या पाच, दिघ्यांच्या सहा. यष्टीरक्षकाचं मोल सामन्यांच्या संख्येवरून लावायचं नसतं, हे मराठी क्रिकेटने तीनदा पाहिलं आहे. जितेशने ते चौथ्यांदा सिद्ध केलं.

अमरावती-अकोल्यातल्या शाळांना, क्लबांना आणि पालकांना यातून एक काम करता येईल. गल्लीपासून शाळेपर्यंत यष्टीरक्षण बहुधा ज्याला गोलंदाजी येत नाही त्याच्या गळ्यात मारलं जातं, तेही मोठ्या माणसाच्या ढगळ ग्लोव्जसह. ते थांबवावं. मुलाच्या हाताच्या मापाचे ग्लोव्ज, आतले पातळ मोजे आणि फिरकीला यष्टीजवळ उभं राहताना हेल्मेट, एवढं प्रत्येक संघाने घ्यावं. फलंदाजांच्या नेटइतकाच वेळ यष्टीरक्षकाच्या सरावाला द्यावा. वऱ्हाडातून भारतापर्यंतची वाट आता माहीत झाली आहे. त्या वाटेवर पुढचा मुलगा लवकर निघावा, ही जबाबदारी आपली आहे.